तपासणी श्रावणात, तोड माघात

मंडळाच्या या पत्रकात आपण मराठी शाळांच्या घटत्या पटाबद्दल वाचतो, ग्रंथालयाच्या जागेबद्दल वाचतो, महापालिकेच्या निवडणुकीत आपल्या लोकांना मिळालेल्या आणि न मिळालेल्या तिकिटांबद्दल वाचतो. ते सर्व महत्त्वाचेच आहे. पण आज आम्ही ज्या माणसांबद्दल लिहिणार आहोत त्यांनी ग्रंथालयही मागितलेले नाही आणि तिकीटही. ती दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे महाराष्ट्रातून आपल्या गुजरातेत येतात आणि आखाजीच्या आत परत जातात. इथे त्यांना कोणी नावाने ओळखत नाही. त्यांना म्हणतात 'कोयता'. एक कोयता म्हणजे एक नवरा, एक बायको आणि बहुधा मागे एखादे मूल. हत्याराच्या नावावर माणसांची मोजणी होते ती बहुधा याच धंद्यात.

दक्षिण गुजरातच्या सहकारी साखर कारखान्यांसाठी ऊस तोडणारी ही माणसे. सुरत, नवसारी, तापी, वलसाड, भरूच या जिल्ह्यांत त्यांचे पडाव पडतात. येणारे बरेचसे डांगचे आणि आपल्या खानदेशातले; नंदुरबार, नवापूर, अक्कलकुवा, साक्री या भागांतले. घरी कोणी मावची बोलतो, कोणी कोकणी, कोणी भिल्लांची बोली, कोणी अहिराणी. पण खानदेशातून आलेला जो कोणी शाळेत गेला तो मराठी शाळेत गेला. नवापूरचे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे हे आपण कौतुकाने सांगतो. त्याच फलाटावरून डोक्यावर भांडी आणि काखेत मूल घेऊन हे लोक इकडे येतात. त्यांची संख्या लाखाच्या घरात आहे. आपल्या मंडळाच्या वार्षिक अहवालात मात्र 'गुजरातेतील मराठी समाज' या मथळ्याखाली ते कधी आलेले नाहीत.

आम्ही बँकेतले कारकून. कॉमर्सचे शिक्षण, वीसेक वर्षे काउंटर आणि खतावण्या. मजुरांच्या कायद्याचे आम्ही जाणकार नाही, आणि कारखानदारीशी आमचा संबंध साखरेच्या डब्यापुरता. तरीही हा विषय घेतला, कारण तो मुळात हिशेबाचा आहे. तपासणी कोणत्या दिवशी करायची, हा तो प्रश्न. ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण ज्याने कधी ऑडिटला तोंड दिले आहे त्याला ठाऊक आहे की अर्धा निकाल तारखेतच लागलेला असतो.

सामाजिक ऑडिट म्हणजे काय

आमच्या ओळखीतल्या एका घरचा मुलगा अशा ऑडिटच्या नोकरीत आहे. त्याच्याकडून कळले ते थोडक्यात असे. आपली साखर, कापूस, द्राक्षे, मसाले जेव्हा मोठ्या कंपन्या विकत घेतात, विशेषतः परदेशी ग्राहक असलेल्या, तेव्हा त्या विचारतात की हा माल तयार करताना लहान मुले कामाला लावली का, मजुरी किमान दराने दिली का, कोणाला कर्जात अडकवून राबवले का, पिण्याचे पाणी आणि संडास आहेत का. याची खात्री करायला बाहेरचे तपासनीस येतात. ते रजिस्टरे पाहतात, शेत आणि वसाहत पाहतात, मजुरांशी खाजगीत बोलतात आणि अहवाल देतात. उसासाठी 'बोनसुक्रो' नावाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आहे. नाशिकची द्राक्षे युरोपात जातात त्यांना 'ग्लोबल गॅप' लागते आणि त्याच्या जोडीला मजुरांविषयीची वेगळी तपासणी असते. कारखान्यांसाठी, शेतमालासाठी अशा आणखीही पद्धती आहेत.

कल्पना उत्तम आहे. तिची चेष्टा करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. पण त्या मुलाला आम्ही सहज विचारले, "साखर कारखान्यांकडे तुम्ही जाता कधी?" तो म्हणाला, "काका, बहुतेक जुलै-ऑगस्टमध्ये. तेव्हा गाळप बंद असते, साहेब लोकांना वेळ असतो, सगळे कागद तयार असतात."

आम्ही म्हटले, "आणि तोडणारे?"

तो थोडा थांबला. म्हणाला, "ते तेव्हा गावाला असतात."

या एका वाक्यासाठी हा लेख.

त्यात कोणाची लबाडी असतेच असे नाही. पहिले ऑडिट एखाद्या वर्षी योगायोगाने पावसाळ्यात झाले की प्रमाणपत्राची मुदत त्या तारखेपासून मोजली जाते. नूतनीकरण दरवर्षी त्याच सुमाराला येते. तपासनिसांच्या संस्थेचे वेळापत्रक आधीपासून भरलेले असते. गाळपाच्या दिवसांत कारखान्यात चोवीस तास धावपळ असते, त्यात पाहुणे कोणाला नको असतात. सगळ्यांची सोय सांभाळत तारीख पावसाळ्यात सरकते आणि तिथेच चिकटून बसते. ज्यांच्यासाठी तपासणी आहे त्यांची सोय तेवढी कोणी विचारात घेत नाही, कारण ते विचारायला समोर नसतात.

आमच्या हातचा एक अहवाल

दुसऱ्यांना दोष देण्यापूर्वी आमचीच एक गोष्ट सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आम्ही एका शाखेच्या कर्ज विभागात होतो. एका जिनिंगवाल्याचे कॅश क्रेडिट खाते होते, तारण म्हणजे गोदामातला कापूस. नियमाप्रमाणे गोदामाची पाहणी व्हायची, पण ती व्हायची आषाढात, कारण अधिकाऱ्यांना तेव्हा सवड. आषाढात जिन बंद आणि गोदाम रिकामे. अहवालात लिहिले जायचे, 'हंगाम नसल्याने साठा नाही. बाकी समाधानकारक.' अशी तीन वर्षे गेली आणि चौथ्या वर्षी खाते बुडाले. मग चौकशीत निघाले की ऐन हंगामातही ते गोदाम निम्मे रिकामे असायचे. पौषात जाऊन कोणी कुलूप उघडायला लावलेच नव्हते.

त्या तीनपैकी दोन अहवाल आम्ही टाईप करून फाईलला लावले होते. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. साठा नव्हता हे खरे होते, हंगाम नव्हता हेही खरे होते. तरीही तो कागद खोटा होता, हे आम्हाला तेव्हापासून पटलेले आहे.

आपल्या जुन्या महसुली कारभारालाही हे कळत होते. पिकाची आणेवारी, आता पैसेवारी म्हणतात ती, पीक उभे असताना काढतात. पीक कापणी प्रयोग कापणीच्याच दिवसांत होतो. पीक निघून गेल्यावर रिकाम्या वावरात उभे राहून 'उतारा ठीक दिसतो' असे लिहिणाऱ्या तलाठ्याला मामलेदाराने काय म्हटले असते ते सांगायला नको. पिकाच्या बाबतीत जी अक्कल आपण शेकडो वर्षे वापरली ती माणसांच्या बाबतीत वापरायला काय हरकत आहे?

हंगामाचे पंचांग

ऊसतोडीचे वर्ष समजून घेतले की कोणती गोष्ट कधी दिसते ते आपोआप कळते.

पावसाळ्यात, घरात दाणे संपत आले की मुकादम गावात येतो आणि उचल देतो. उचल म्हणजे आगाऊ रक्कम. ती घेतली की त्या कुटुंबाचा येता हंगाम बांधला गेला. मुकादमाला रक्कम कारखान्याकडून मिळालेली असते, पण कागद बहुधा मुकादम आणि मजूर यांच्यातच राहतो आणि पुष्कळदा तोही नसतो. दसरा-दिवाळीला ट्रक भरतात. मग कार्तिकापासून चैत्रापर्यंत तोड. पडाव शेताच्या कडेला किंवा रस्त्यालगतच्या मोकळ्या जागेत, वर प्लॅस्टिकचा कागद, खाली उसाचे पाचट. दिवसभर तोडणे, मोळ्या बांधणे आणि ट्रक रात्री दोन वाजता आला तर दोन वाजता भरणे. हंगामात खाण्यापुरती खावटी मिळते, धान्य आणि थोडे पैसे, ती नंतर कापली जाते. हंगाम संपला की हिशेब. किती टन तोडले, दर काय, त्यातून उचल, खावटी आणि व्याज वजा, उरले ते हातात. उरले नाही तर पुढच्या वर्षाची उचल.

आता पाहा. मुले शाळेत आहेत की फडात, हे डिसेंबर-जानेवारीतच दिसेल. पाणी कुठून आणतात, बायका अंघोळ कुठे करतात, हेही तेव्हाच. किमान दर मिळाला की नाही हे मात्र जानेवारीत कळणार नाही, कारण हिशेब अजून व्हायचा आहे. ते शेवटच्या हिशेबाच्या दिवशीच कळेल. आणि उचलीवर व्याज किती लावले हे कळायचे तर उचल दिली त्या दिवशीची रक्कम आणि कापली त्या दिवशीची रक्कम, दोन्ही माहीत हव्यात. समजा श्रावणात दहा हजार दिले आणि एप्रिलच्या हिशेबात पंधरा हजार कापले. आठ महिन्यांत पन्नास टक्के, म्हणजे वर्षाला पंचाहत्तर. आमच्या बँकेने एखाद्या शेठजीला असा दर लावला तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येईल. पण ऑगस्टमध्ये कारखान्याच्या वातानुकूलित खोलीत बसून हा दर कोणत्याही रजिस्टरात सापडणार नाही.

आणखी एक गोष्ट आहे बाईच्या नावाची. मजुरी कोयत्याच्या हिशेबाने, म्हणजे जोडीला मिळून. नोंद होते ती पुरुषाच्या नावावर. निम्मे काम करणारी बाई कुठल्याही मस्टरवर नसते. मस्टर तपासून समाधान मानणाऱ्याच्या दृष्टीने ती त्या फडात आलेलीच नाही. तिला पाहायचे तर फडातच जावे लागेल, आणि फड उभा असताना.

मुलाखती किती घ्यायच्या हे अशा अनेक पद्धतींत त्या दिवशी हजर असलेल्या मजुरांच्या संख्येवरून ठरते. ऑगस्टमध्ये हजर असतात ते कायम कामगार, फिटर, वॉचमन, ऑफिसातले लोक. त्यांच्या मुलाखती होतात, त्यांना पीएफ मिळतो, ओळखपत्र असते, संडास असतो. अहवाल खरा, आणि तरीही खोटा. आमच्या जिनिंगच्या गोदामासारखा.

पडावातली भेट

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत नात्यातल्या एका लग्नासाठी आम्ही सहकुटुंब नवापूरकडे निघालो होतो. बारडोलीच्या पुढे गाडी पंक्चर झाली. बाजूलाच पडाव होता. ड्रायव्हर चाक बदलत असताना आमच्या सौभाग्यवती मुलीला पाणी द्यायला उतरल्या आणि आमच्याशी मराठीत काही बोलल्या. भाकऱ्या थापणारी एक बाई मान वर करून बघायला लागली. तिने विचारले, "कुठले तुम्ही?"

"बडोद्याचे."

"मग मराठी कसं बोलता?"

आम्ही हसलो, पण उत्तर पटकन सुचले नाही. मग तिने आमच्या शर्टाच्या खिशातल्या पेनाकडे पाहून विचारले, "तपासायला आलात का?" आम्ही नाही म्हटले. तेव्हा ती म्हणाली, "मागं आले होते म्हणे कारखान्यावर. वॉचमन सांगत होता. आम्ही तेव्हा गावाला भात लावत होतो."

बोलण्यात तक्रार नव्हती. पाऊस पडला, भात लावला, तपासणी झाली, असे तिने सांगितले. तिची आठ-नऊ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. शाळेचे विचारले तर म्हणाली, दिवाळीपर्यंत जाते. आमची मुलगी तेव्हा चौथीत होती. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, बोलल्या मात्र नाहीत. चाक बसले आणि आम्ही लग्नाला गेलो.

शेतकऱ्याची बाजू

आपल्यापैकी काही घरांच्या जमिनी अजून करजण, डभोई, नांदोद या बाजूंना आहेत. काही जण धारीखेड्याच्या नर्मदा कारखान्याचे सभासदही असतील. ते म्हणतील, कारकुनाला शेती काय कळते? त्यांचे म्हणणे आधीच मांडतो.

पहिले म्हणजे ऊस तोडला की वाट पाहत नाही. तासातासाने त्याचे वजन आणि गोडी उतरते. ऐन तोडीत तपासनिसांनी मजूर अडवून बसवले तर नुकसान शेतकऱ्याचे. दुसरे म्हणजे मजुराचेही, कारण तो टनावर आहे; बोलण्यात गेलेला वेळ त्याच्या कमाईतून जातो. तिसरे, तोडणीची टोळी कारखाना पाठवतो, शेतकऱ्याने मुकादम निवडलेला नसतो, मग शेतकऱ्यावर तपासणीचा जाच का? चौथे, हा खर्च शेवटी उसाच्या दरातून जाणार.

यातली एकही गोष्ट खोटी नाही. पण एकाही गोष्टीवरून 'म्हणून ऑगस्टमध्ये या' असे सिद्ध होत नाही. फडात येऊन दुपारी काम थांबवायची गरजच नाही. संध्याकाळी पडावावर जाता येते आणि पडाव पाहायचा तर संध्याकाळच बरी. वेळ मोडला तर त्याचे पैसे द्यावेत. समजा एक जोडी दिवसाला दोन टन तोडते. गुजरात सरकारने २०२२-२३ च्या सुमारास तोडीचा किमान दर टनाला २३८ रुपयांवरून दुप्पट करून ४७६ केला. त्या दराने दिवसाचे ९५२ रुपये झाले. दहा तासांच्या दिवसातले दोन तास मुलाखतीला दिले तर १९० रुपयांच्या आसपास. पन्नास जोड्यांशी बोलायचे तर साडेनऊ हजार. ऑडिटच्या बिलापुढे ही रक्कम किती, ते ज्यांनी अशी बिले पास केली आहेत त्यांनी स्वतःच ठरवावे. शेतकऱ्याबद्दल म्हणाल तर जबाबदारी टोळी पाठवणाऱ्याचीच असावी, हे आम्हालाही मान्य आहे. पण बांधावर पडाव आपल्या आहे, आणि सर्वसाधारण सभेत हात वर करायचा हक्कही आपल्याला आहे.

प्रत्येक पिकाला एकच तारीख लावा, असेही आमचे म्हणणे नाही. उलट आहे. उत्तर गुजरातेत साबरकांठा-बनासकांठ्याकडे संकरित कापसाचे बियाणे होते. तिथे फुलांचे परागीकरण हाताने करावे लागते, आणि ते काम पावसाळ्यात, साधारण जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत. त्या कामाला डुंगरपूर-उदयपूरकडची आदिवासी मुले आणली जात, यावर फार ओरड झाली. तिथे जानेवारीत गेलात तर काहीच दिसणार नाही, तिथे श्रावणातच जायला हवे. नाशिकच्या द्राक्षबागेत ऑक्टोबरच्या छाटणीला आणि जानेवारीपासूनच्या काढणीला बाहेरचे मजूर असतात. म्हणजे तपासणीचे पंचांग पिकाच्या पंचांगावरून ठरवावे, तपासनिसाच्या डायरीवरून नव्हे. इतके साधे आहे.

जुने दुखणे, नवे कायदे

हे दुखणे आजचे नाही. यान ब्रेमन नावाचे डच समाजशास्त्रज्ञ साठच्या दशकापासून दक्षिण गुजरातेत येत राहिले. बारडोलीच्या साखर कारखान्यांनी बाहेरून आणलेल्या तोड-मजुरांवर त्यांनी १९७८ मध्ये विस्ताराने लिहिले. त्यांनी वर्णन केलेले पडाव आम्ही पंक्चरच्या दिवशी पाहिले, फरक प्लॅस्टिकच्या रंगाचा असेल. महाराष्ट्रात बीडकडे २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या काळात ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. मार्च २०२४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने या महाराष्ट्रातल्या उसावर मोठा वृत्तांत छापला आणि ही साखर जगप्रसिद्ध शीतपेयांच्या कंपन्यांपर्यंत कशी जाते ते दाखवले. प्रमाणपत्रे तेव्हाही होती. ज्या गोष्टी पत्रकारांना दिसल्या त्या तपासनिसांना का दिसल्या नाहीत, याची कारणे अनेक असतील. कधी आणि कुठे पाहिले हे त्यातले एक नक्की आहे.

कायदा नव्हता असेही नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा १९७९ चा. पाच किंवा अधिक मजूर परराज्यातून आणणाऱ्या ठेकेदाराने परवाना घ्यावा, प्रत्येकाला पासबुक द्यावे, प्रवासभत्ता द्यावा, असे त्यात होते. आमच्या पडावातल्या बाईने पासबुक हा शब्द ऐकला असेल तर तो बँकेचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यात ही मर्यादा पाचाची दहा झाली, आणि जाण्यायेण्याच्या भाड्याची तरतूद राहिली. निरीक्षणाची पद्धतही बदलली. कोणी कुठे तपासणीला जायचे हे आता संगणकाच्या सोडतीने ठरू शकते. ओळखीपाळखीला आळा बसेल म्हणून हे चांगले आहे. पण संगणकाला हंगाम कळत नाही, तो कोणीतरी शिकवावा लागतो. साखर कारखान्याचे नाव सोडतीत जूनमध्ये निघाले तर नव्या कायद्याखालीही जुनाच रिकामा फड तपासला जाईल.

आपला काय संबंध?

काही वाचक विचारतील की यात बडोदेकर मराठी माणसाने का पडावे. संबंध आहे, आणि तो जुना आहे. पिलाजीराव गायकवाडांनी पहिले ठाणे केले ते सोनगढला. खानदेशातून नवापूर, सोनगढ, व्यारा या ज्या वाटेने आज ट्रक येतात, त्याच मुलखातून गायकवाडी गुजरातेत उतरली. आणि आपण सगळे तिच्यामागून आलो. सोनगढ, व्यारा, महुवा, गणदेवी हे सारे बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतात होते. गणदेवी आणि महुव्याला आज साखर कारखाने उभे आहेत.

सयाजीराव महाराज मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, शेतकऱ्याचे पोर. १८७५ मध्ये दत्तक येऊन गादीवर बसले. त्यांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू केला. सोनगढला आदिवासी मुलांसाठी वसतिगृह त्याच्याही आधी, १८८० च्या दशकात निघाले होते. दरवर्षी महाराजांच्या जयंतीला आपण या गोष्टी व्यासपीठावरून सांगतो आणि टाळ्या घेतो. ज्या मातीत १९०६ मध्ये मूल शाळेत घालणे सक्तीचे झाले, त्याच मातीत आज कवळाण्याच्या पलीकडच्या तालुक्यांतली मुले दिवाळीनंतर शाळा सोडून पाचटावर झोपतात. जयंतीच्या भाषणात हे वाक्य कोणी घालील का?

राजकीय संबंधही आहे, हे पत्रक राजकीय आहे म्हणून सांगतो. गुजरात विधानसभेचे मतदान गेल्या काही वेळा डिसेंबरात झाले. ही माणसे तेव्हा इथे असतात, पण त्यांचे मत तिकडे. महाराष्ट्र विधानसभेचे मतदान २०२४ मध्ये २० नोव्हेंबरला झाले. तेव्हा त्यांचे मत तिकडे आणि स्थलांतराचा मोसम तोंडावर. इथल्या उमेदवाराला त्यांची गरज नाही आणि तिथल्या उमेदवाराला ती दिसत नाहीत. ज्याचे मत कुठेच पडत नाही त्याच्या बाजूने बोलायला ज्यांची मते पडतात त्यांनीच पुढे यावे लागते. आपली मते रावपुऱ्यात, दांडिया बाजारात पडतात आणि मोजलीही जातात.

आमच्या सूचना

नुसती हळहळ करून उपयोग नाही. बँकेत कर्जाची पाहणी तीनदा होते. देण्याआधी, दिल्यावर आणि खाते बंद करताना. तोड-मजुरांची तपासणीही तशीच तीनदा व्हावी. पहिली श्रावण-भाद्रपदात, पण कारखान्यावर नव्हे, गावात. उचल किती दिली आणि कागद झाला का, ते पाहायला. दुसरी पौष-माघात, पडावावर, संध्याकाळी आणि आधी तारीख न कळवता. तिसरी हंगामानंतर, आखाजीच्या सुमारास, पुन्हा गावात. आखाजीला खानदेशातला माणूस घरी असतोच. मुकादम समोर नसतो, पुढची उचल अजून घेतलेली नसते, आणि हिशेबाची चिठ्ठी असली तर घरातच असते. खरे बोलणे तेव्हाच होते. तिन्ही जमत नसतील आणि एकच करायची असेल तर ती दुसरी करावी.

मंडळाने यात काय करावे? आमच्या मते तीन गोष्टी, तिन्ही कमी खर्चाच्या.

एक, कार्यकारिणीने ठराव करून दक्षिण गुजरातच्या कारखान्यांना, राज्याच्या कामगार खात्याला आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना कळवावे की ऊसतोडीची तपासणी गाळप चालू असतानाच व्हावी, आणि अहवालावर त्या दिवशी किती तोड-मजूर हजर होते ती संख्या लिहावी. एवढी एक संख्या छापली तरी पुष्कळ गोष्टी आपोआप सुधारतील. शून्य लिहायला कोणालाही लाज वाटते.

दोन, भाषा. तपासनीस येतात ते हिंदी-इंग्रजी-गुजराती बोलणारे. मजूर मुकादमाला दुभाषा करतो, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच तोंडून तक्रार. आपल्याकडे निवृत्त शिक्षक-शिक्षिका आहेत, खानदेशातून सून म्हणून आलेल्या, अहिराणी बोलणाऱ्या बहिणी आहेत, विद्यापीठाच्या समाजकार्य विभागात शिकलेली आपली मुले आहेत. वीस जणांची यादी केली तरी जानेवारीतल्या चार संध्याकाळी पडावावर मराठीत बोलणारे माणूस मिळेल. बायकांशी बायकांनी बोलावे.

तीन, आपल्यापैकी जे कारखान्याचे सभासद आहेत त्यांनी येत्या सर्वसाधारण सभेत एवढेच विचारावे की गेल्या तपासणीची तारीख काय होती. उत्तर ऐकून पुढचा प्रश्न आपोआप सुचेल. आणि ज्यांची मुले या ऑडिटच्या व्यवसायात आहेत त्यांनी घरी जेवताना हा विषय काढावा. आमच्या ओळखीच्या त्या मुलाने तो काढला. यंदा त्याने वरिष्ठांना लिहून दिले की एक भेट तरी फेब्रुवारीत ठेवा. काय होते ते पाहू. नाही झाले तर पुन्हा लिहील म्हणतो.

ही सगळी व्यवस्था एका पत्रकाने बदलणार नाही हे आम्हालाही कळते. माघात तपासणी झाली म्हणून उचल बंद होणार नाही आणि प्लॅस्टिकच्या जागी कौले येणार नाहीत. पण जे दिसत नाही ते सुधारायची सुरुवात ते पाहण्यापासून होते, आणि पाहायचे तर ते असेल तेव्हाच जायला हवे. बैल गेला नि झोपा केला, ही म्हण आपल्याच भाषेतली. इथे तर बैल जायची वाट पाहून मगच गोठा मोजतात.

त्या दिवशी पडावातल्या बाईने विचारले होते, बडोद्याचे असून मराठी कसे बोलता. तिला उत्तर द्यायचे राहून गेले. येत्या जानेवारीत मंडळातर्फे कोणी जाणार असेल तर आम्ही रजा टाकून बरोबर येऊ. कार्यकारिणीने तारीख कळवावी. मात्र ती संक्रांतीच्या पुढचीच असावी.